यादी रोज बदलते, मग खरी कोणती?

प्रश्न थोडक्यात : पत्र लिहिणारी २६ वर्षांची आहे. गणितात बीएस्सी केलं, आता जावामध्ये प्रोग्रॅमिंग करते. नोकरी सांभाळून ती एका शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचं संगणकाचं काम विनामूल्य बघते. संस्थेचा नियम असा : बारावीचे टक्के जास्त, त्याचा नंबर वर. पण दोघांत एक टक्क्याहून कमी फरक असेल तर गुण सारखेच धरायचे आणि ज्याच्या घरचं उत्पन्न कमी त्याला वर घ्यायचं. हा नियम तिने जसाच्या तसा कोडमध्ये उतरवला. २५ नावांवर चाचणी घेतली तेव्हा सगळं सुरळीत होतं. यंदा सुमारे ४०० अर्ज आले. ५० जणांची यादी फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या नावातली चूक दुरुस्त केली, त्यामुळे अर्जांच्या फाईलमध्ये ते नाव वर सरकलं. यादी पुन्हा काढली, तर तीन नावं बाहेर गेली आणि दुसरी तीन आत आली. तिसऱ्यांदा प्रोग्रॅम एरर देऊन बंदच पडला. ऑफिसमधले सीनियर म्हणतात, जुनं सॉर्टिंग वापरण्याचा स्विच चालू कर, एरर जाईल. संस्थेचे तिघे विश्वस्त म्हणतात, दोन-दोन मुलं समोर ठेवा, आम्ही बहुमताने ठरवू. नाव गेलेल्या एका मुलीचे वडील येऊन विचारून गेले आहेत. चूक कोणाची आणि आता करायचं काय, असं तिचं विचारणं आहे. शिवाय कॉलेजात पोसेट (ज्यात काही जोड्यांची तुलना होतच नाही असा अपुरा क्रम असलेला संच) आणि रिलेशन पाठ करूनही हे आधी दिसलं कसं नाही, याचा तिला त्रास होतो आहे.

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही एकेरीच लिहिते.

पहिली गोष्ट, तो स्विच चालू करू नकोस. ‘कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे तुलनेची पद्धत ठरलेली अट मोडते आहे, या एररने तुला जितकं खरं सांगितलं तितकं या सगळ्या प्रकरणात दुसऱ्या कोणीही सांगितलेलं नाही. स्विच लावलास तर एरर जाईल, यादी निघेल, पण ती चुकीची आहे हे सांगणारं कोणी उरणार नाही. सीनियरांना वाईट ठरवायचं कारण नाही. प्रोग्रॅम बंद पडलेला असताना कोणालाही आधी तो चालू करावासा वाटतो. पण इथे बंद पडलेला प्रोग्रॅम हा त्रासातला सगळ्यात लहान भाग आहे.

तुझ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती संस्थेनेही धरली, सीनियरांनीही. नियम स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे, कोणतीही दोन मुलं दिली तरी कोण वर ते तो सांगतो, म्हणजे सगळ्यांचा क्रम लागणारच. दोघांमधला निकाल लागतो म्हणून चारशेंचा क्रम लागतो, असं आपल्याला वाटतं. एक कागद घे आणि माझ्याबरोबर हे तीन विद्यार्थी लिही. अ ला ८६.० टक्के, घरचं उत्पन्न ४ लाख. ब ला ८५.२ टक्के, उत्पन्न ३ लाख. क ला ८४.४ टक्के, उत्पन्न २ लाख.

अ आणि ब यांच्यात ०.८ चा फरक, म्हणजे गुण सारखे धरायचे. उत्पन्न ब चं कमी, म्हणून ब वर. ब आणि क यांच्यातही ०.८, म्हणून क वर. आता क आणि अ. फरक १.६ टक्क्यांचा. उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही, अ वर. म्हणजे अ हा क च्या वर, क हा ब च्या वर आणि ब हा अ च्या वर. बाण काढलेस तर ते गोल फिरून जिथून निघाले तिथेच येतात. या तिघांत पहिलं कोण, याला तुझ्या नियमाप्रमाणे उत्तरच नाही.

तुझ्या कोडमध्ये चूक नव्हती. तू नियम इमानदारीने उतरवलास, आणि तो नियम म्हणजे क्रम नव्हता. तुझ्या चुकीचा भाग कोणता ते पुढे सांगते, कारण तू प्रामाणिकपणे विचारलं आहेस.

आता चाचणीत हे का दिसलं नाही. जावा ऑब्जेक्टच्या याद्या क्रमाने लावायला टिमसॉर्ट नावाची पद्धत वापरते. टिम पीटर्स यांनी ते २००२ साली पायथनसाठी लिहिलं, आणि २०११ मध्ये जावाच्या सातव्या आवृत्तीत ते आलं. यादीत ३२ पेक्षा कमी नोंदी असतील तर ते एकेक नोंद योग्य जागी सरकवत जातं आणि तुलना परस्परांशी जुळतात का हे कुठेच बघत नाही. तुझी २५ नावांची चाचणी म्हणूनच शांतपणे पार पडली. नोंदी वाढल्या की ते क्रमवार तुकडे करून एकमेकांत मिसळतं, आणि मिसळताना एखादी अशक्य परिस्थिती समोर आली तरच तक्रार करतं. समोर आली तरच, हे लक्षात ठेव. पहिल्या दोन वेळी ती आली नाही, तिसऱ्यांदा आली. एरर न येणं म्हणजे क्रम बरोबर असणं असा अर्थ कधीच नव्हता. आणि फाईलमध्ये एक नाव वर गेल्याने निकाल बदलला तो असा : सॉर्टिंग सगळ्या जोड्या तपासत नाही, काही जोड्यांवरून उरलेल्यांचा अंदाज बांधतं. अ हा ब च्या वर, ब हा क च्या वर, तर अ हा क च्या वर असणारच, हे ते धरून चालतं. हे धरता येतं म्हणूनच सॉर्टिंग इतकं झटपट होतं. तुझ्या नियमात ते धरता येत नाही, मग कोणती जोडी आधी समोर येते त्यावर मुलांचं नशीब ठरतं.

कॉलेजात याला आपण ट्रान्झिटिव्ह म्हणायचो. तू लिहिलंस की पाठ केलं होतं. खरं सांगू, मी अनेक वर्षं हा विषय शिकवला आणि मीही बराच काळ तो पाठ करायला लावण्यासारखाच शिकवला. रिफ्लेक्सिव्ह, अँटिसिमेट्रिक, ट्रान्झिटिव्ह; तीन ओळी, तीन गुण. १२ च्या विभाजकांचा हासे डायग्राम, म्हणजे कोण कोणाला भागतो ते खालून वर दाखवणारी आकृती, काढायचा : खाली १, त्यावर २ आणि ३, त्यावर ४ आणि ६, सगळ्यात वर १२. एकदा एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, यात ४ मोठा की ६?’ वर्ग हसला. प्रश्न मात्र अचूक होता. ४ ने ६ ला भाग जात नाही, ६ ने ४ ला जात नाही. भागाकाराच्या या क्रमात दोघांपैकी कोणीच वर नाही, आणि दोघं सारखेही नाहीत. ‘सारखे’ आणि ‘तुलना न होणारे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दिवसानंतर मी हा विषय त्या प्रश्नापासूनच सुरू करायला लागले.

तुझ्या संस्थेच्या नियमात हीच गल्लत आहे. एक टक्क्याहून कमी फरक म्हणजे ‘सारखे’, असं म्हटलं गेलं. पण सारखेपणा पुढे चालत जायला हवा : अ आणि ब सारखे, ब आणि क सारखे, तर अ आणि क सारखेच. ‘जवळपास’ असा पुढे चालत नाही. डंकन लूस नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९५६ मध्ये याचं फार सुंदर उदाहरण दिलं. कॉफीच्या पेल्यांची लांबच लांब रांग, प्रत्येक पेल्यात आधीच्यापेक्षा किंचित जास्त साखर. शेजारच्या दोन पेल्यांत कोणालाही फरक कळणार नाही. पहिला आणि शेवटचा पेला चाखला तर लहान मूलही सांगेल. लूस यांनी अशा क्रमाला सेमीऑर्डर असं नाव दिलं. नुसता एक टक्क्याचा नियम असता तर तोही असाच सेमीऑर्डर झाला असता. त्यात गोल फिरणं नसतं. गोल फिरणं आलं ते त्या डळमळीत ‘सारखे’वर उत्पन्नाची दुसरी अट रचली म्हणून.

पण जावाला नुसता तो एक टक्क्याचा नियमही चालला नसता. कम्पॅरेटरने, म्हणजे दोघांत वर कोण हे सांगणाऱ्या कोडने, दोघांसाठी शून्य (सारखे) दिलं तर तिसऱ्या कोणाशीही त्या दोघांची तुलना एकाच दिशेने यायला हवी, अशी तिची लेखी अट आहे. सी प्लस प्लसचीही तीच मागणी असते, तिकडे तिला स्ट्रिक्ट वीक ऑर्डरिंग म्हणतात. तुझ्या चुकीचा भाग एवढाच की ही अट वाचून नियमाशी ताडून बघायची राहिली. ती माझ्या ओळखीतल्या बहुतेक प्रोग्रॅमरांकडूनही राहते.

आता विश्वस्तांच्या सूचनेकडे येऊ. दोन-दोन मुलं समोर ठेवून बहुमत घेणं ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. पण समज, पहिल्या विश्वस्ताच्या मनातला क्रम अ, ब, क. दुसऱ्याचा ब, क, अ. तिसऱ्याचा क, अ, ब. अ की ब विचारलं तर पहिला आणि तिसरा अ म्हणतील. ब की क, तर पहिला आणि दुसरा ब म्हणतील. क की अ, तर दुसरा आणि तिसरा क म्हणतील. पुन्हा तोच गोल, आणि या वेळी तीन शहाण्या माणसांच्या डोक्यांतून निघालेला. फ्रेंच गणिती कॉन्डोर्से यांनी हे १७८५ मध्ये दाखवलं होतं. प्रत्येक माणसाचा विचार सुसंगत असूनही बहुमत सुसंगत असेलच असं नाही. म्हणून तो मार्गही मी सुचवणार नाही. त्यात वर आणखी एक धोका आहे : कोणती जोडी आधी समोर ठेवायची हे ज्याच्या हातात, निकालही बऱ्याच अंशी त्याच्याच हातात.

मग करायचं काय? मार्ग आहेत, आणि प्रत्येकात काहीतरी सोडावं लागतं.

गुणांचे गट पाडता येतील : ८५ ते ८६ च्या आतले एका गटात, ८४ ते ८५ च्या आतले दुसऱ्या, आणि गटाच्या आत उत्पन्नाने क्रम. हे पुढे चालत जातं, गोल होत नाही. पण ८४.९९ वाला आणि ८५.०० वाला वेगळ्या गटांत पडतात, आणि काठावरच्या मुलाला ते बोचणारच. तरी ते सगळ्यांना आधीपासून माहीत असलेलं आणि प्रत्येक वेळी तेच असणारं बोचणं आहे. दुसरा मार्ग, आधी गुण, आणि गुण दशांशापर्यंत तंतोतंत सारखे असतील तरच उत्पन्न. कोडसाठी हा सगळ्यात स्वच्छ, पण गरजू मुलांना वर आणायचा संस्थेचा हेतूच त्यात जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून मला तो पटत नाही. तिसरा, गुण आणि उत्पन्न मिळून एक आकडा काढायचा. आकड्यांचा क्रम नेहमीच लागतो. फक्त एक टक्का म्हणजे किती हजार रुपये, हे कोणीतरी ठरवून त्याखाली सही करायला हवी. ते तू ठरवायचं नाहीस. कोडमध्ये एक आकडा टाकणं सोपं असतं, म्हणून असे निर्णय प्रोग्रॅमरच्या गळ्यात पडतात.

माझं मन ज्या मार्गाकडे ओढतं तो चौथा आहे. तुझ्या तीन मुलांकडे पुन्हा बघ. अ चे गुण जास्त पण गरज कमी, क ची गरज जास्त पण गुण कमी, ब मध्ये. गुण आणि गरज या दोन्हींत कोणीही दुसऱ्याच्या पुढे नाही. खरं उत्तर हेच की या तिघांची तुलनाच होत नाही, १२ च्या विभाजकांतल्या ४ आणि ६ सारखी. मग तिथे उगीच क्रम ओढून आणण्याआधी जे निर्विवाद आहे तेवढं बाजूला काढू. एखादा मुलगा दुसऱ्यापेक्षा गुणांतही कमी नाही आणि गरजेतही कमी नाही, आणि निदान एका बाबतीत सरस आहे, तर तो निश्चित वर. एवढाच नियम ठेव. हा पार्शल ऑर्डर, म्हणजे अपुरा क्रम आहे, तुझा पोसेट.

आणि इथे एक प्रश्न विचार जो पत्रात तू विचारलेला नाहीस : संस्थेला क्रम हवा आहे का? ५० जणांना सारखीच रक्कम मिळणार असेल तर पहिला कोण आणि सतरावा कोण याला काही अर्थ नाही. हवी आहे ती निवड, क्रमांक नको आहेत. प्रत्येक अर्जासाठी दोन आकडे मोज. त्याच्या निश्चित वर किती जण आहेत? ते ५० किंवा जास्त असतील तर कोणताही समंजस क्रम लावला तरी हा मुलगा पहिल्या ५० त येऊ शकत नाही. दुसरं, त्याच्या निश्चित खाली नसलेले, त्याला स्वतःला सोडून, किती जण आहेत? ते ४९ किंवा कमी असतील तर कसाही क्रम लावा, तो आत आहेच. उरले ते मधले. तिथे माणसांनी बसून विचार करायचा : घरची परिस्थिती, पहिल्या पिढीचं शिक्षण, भेटून बोलणं. सगळ्या ४०० वर बहुमत घेण्यापेक्षा हे काम कितीतरी लहान आणि कितीतरी खरं असेल.

पोलिश गणिती श्पिलरायन यांनी १९३० मध्ये सिद्ध केलं की कोणताही पार्शल ऑर्डर वाढवून पूर्ण क्रम नेहमी करता येतो. ते ऐकून विश्वस्त म्हणतील, मग करा ना. पण करता येतो तो बहुधा अनेक तऱ्हांनी. तुझ्या त्या तिघांचेच ६ क्रम होतात आणि सहाही तितकेच बरोबर. त्यातला एक निवडणं हे गणिताचं काम नाही. अमर्त्य सेन यांनी अर्थशास्त्रात हाच आग्रह धरला आहे की सामाजिक प्रश्नांत क्रम अपुरा राहिला तरी त्यावरून पुष्कळ ठरवता येतं. सगळं ठरत नाही म्हणून काहीच ठरत नाही असं नव्हे.

आपल्या क्षेत्रात अपुरे क्रम तू रोज वापरतेस. कुठलं पॅकेज आधी बिल्ड करायचं हे ठरवणारं टोपोलॉजिकल सॉर्टिंग, ज्याची पद्धत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडली. किंवा लेस्ली लॅमपोर्ट यांचा १९७८ चा विचार, की दोन वेगळ्या संगणकांवरच्या काही घटनांत आधीची कोणती हे विचारताच येत नाही. स्वयंपाकघरातही तेच आहे. कणीक आधी मळली की कुकर आधी लावला, काही बिघडत नाही. फोडणी मात्र भाजी टाकण्याआधीच.

आता थोडं कोडबद्दल, तुझ्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून. कोणताही कम्पॅरेटर लिहिलास की त्याची तिघा-तिघांवर चाचणी घे. ४०० नोंदींतून तिघांचे गट होतात १,०५,८६,८००. माणसाला अशक्य, संगणकाला किरकोळ. प्रत्येक गटात बाण गोल फिरत नाहीत ना आणि शून्य आलेली जोडी तिसऱ्याशी एकाच बाजूने वागते ना, बघ. दुसरी चाचणी त्याहून सोपी : अर्ज शंभर वेळा पिसून यादी काढ. एकदा जरी वेगळी निघाली तर थांब. ही चाचणी तुझ्याकडे असती तर फलकावर लागण्याआधीच सगळं कळलं असतं.

उत्पन्नाचा रकाना रिकामा असलेले अर्ज आजच तपास. रिकामं म्हणजे शून्य असं वाचलं गेलं तर तो मुलगा सगळ्यात गरीब ठरून वर जातो. ‘नॉट अ नंबर’ म्हणून वाचलं गेलं तर त्याहून वाईट, कारण तो आकडा कोणापेक्षा लहान नसतो, मोठा नसतो आणि स्वतःच्याही बरोबर नसतो. रस्ट या भाषेत दशांश संख्यांना पूर्ण क्रम असल्याचं मानतच नाहीत ते यामुळेच, आणि मला ती काटेकोर भूमिका आवडते. दोन पूर्णांकांची वजाबाकी करून तुलना करायची सवय असेल तर तीही सोड : २०० कोटीतून उणे २०० कोटी वजा केले तर ३२ बिटांत मावत नाही आणि चिन्हच उलटं होतं. सी प्लस प्लसमध्ये ‘लहान’च्या जागी ‘लहान किंवा बरोबर’ लिहिणं हीही त्याच घराण्यातली चूक.

शेवटची बरोबरी सोडवायला तू नावाचा वापर करते आहेस, असं पत्रात ओझरतं आलंय. ते कृपया करू नकोस. अ पासून नाव सुरू होणं ही काही गुणवत्ता नाही. अर्जाची वेळही नको, घरी इंटरनेट असलेला आधी भरतो. चिठ्ठी टाका, सगळ्यांसमोर. नावांचा क्रम फलकावर लावायच्या यादीसाठी ठेव, आणि तिथे मराठीसाठीचं कोलेशन, म्हणजे मराठी वर्णमालेप्रमाणे क्रम लावायचे नियम, वापर. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसवला आहे, त्यामुळे नुसत्या अक्षरक्रमांकांवर सॉर्ट केलंस तर काळे आधी येतील आणि कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, क्ष आणि ज्ञ त्याच्याही पुढे. फलकापुढे उभी राहून आपलं नाव शोधणारी मुलगी कावळे आधी शोधेल.

राहिले ते वडील. विश्वस्तांना आजच लेखी कळव की पहिल्या दोन्ही याद्या नियमातल्या दोषामुळे भरवशाच्या नाहीत, आणि वर काढलेलं तिघांचं उदाहरण त्यांना कागदावर दाखव. पाच मिनिटांत समजतं. माझं मत असं की फलकावर एकदा लागलेलं नाव काढू नये. पहिल्या यादीतले ५० आणि दुसऱ्या यादीत आत आलेले तीन, अशा ५३ जणांना यंदा शिष्यवृत्ती द्यावी. तीन जागांचे पैसे उभे करणं संस्थेला जड जाईल, पण आपल्या नियमाची किंमत संस्थेने सोसावी, मुलांनी नव्हे. बाकी अर्जांचं काय, हे चौथ्या मार्गाने मोजून विश्वस्तांपुढे ठेव : नव्या मोजणीत निर्विवाद आत असूनही दोन्ही याद्यांत राहिलेला कोणी निघाला, तर त्याचाही विचार त्यांना करावा लागेल.

त्या वडिलांना भेटायला विश्वस्तांपैकी एकाला सोबत ने, एकटी जाऊ नकोस. मुलीचे गुण कमी पडले असं त्यांना वाटत असेल. तसं झालेलं नाही हे आधी सांग, मग कागदावर तीन नावं लिहून बाण काढून दाखव. आणि पुढची यादी कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाने लागणार, ते त्यांना लिहून दे.

तुझी,
ताई